नाव न घेता

फोन खिशात थरथरला तेव्हा कॉर्डेलच्या हाताखाली चर्चच्या गायकांचा जांभळा झगा होता आणि तो इस्त्रीने बाहीवर वाफ सोडत होता. निरोप चारच ओळींचा होता. ‘आज रिपोर्ट आला. एचआयव्ही पॉझिटिव्ह. तुला सांगायला पाहिजे म्हणून सांगतोय, तूही तपासून घे. सॉरी, भाऊ.’ पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी ‘पांढरा ट्रक’ असं होतं. हा नंबर या नावाने आपणच कधीतरी ठेवला असणार हे कॉर्डेलला कळलं, पण कधी, ते काही केल्या आठवेना. त्याने निरोप एकदा वाचला, फोन खिशात ठेवला आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली. एक बाही झाली, दुसरी झाली. कॉलरवर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वाफ सरळ आपल्या मनगटावर येते आहे. आपल्याला भाजत नाहीये, की भाजतंय पण कळायला वेळ लागतोय, हेही त्याला नीट सांगता आलं नसतं. बुधवार होता. सकाळचे पावणेदहा वाजले होते.

वार त्याला पक्का ठाऊक होता, कारण बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनेची बैठक असते आणि त्याआधी गायकांचे झगे लाँड्रीतून पोचवावे लागतात. ठाऊक नव्हता तो दुसरा वार. मॉन्टी नावाच्या दोस्ताच्या घरी तो आठवड्याअखेरीस दोनदा गेला होता, शुक्रवारी एकदा आणि रविवारी एकदा, आणि पांढरा ट्रक त्यातल्या कुठल्या दिवशीचा हे त्याच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. दोन्ही दिवशी काही ना काही घडलं होतं, एवढं अंग सांगत होतं. बाकीचं डोक्याने सांगायला हवं होतं आणि डोकं हात वर करून मोकळं झालं होतं. मेम्फिसच्या या वस्तीतल्या त्याच्या वयाच्या पोरांना वर्षभर दवाखान्यांतून जी पत्रकं वाटतात, त्यांपैकी एक त्याने कधीकाळी सबंध वाचलं होतं. तसा संबंध आलाच, तर बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू करायच्या आणि अठ्ठावीस दिवस घ्यायच्या, म्हणजे बहुतेक वेळा निभावून जातं. बहात्तर तासांनंतर त्या गोळ्यांचा उपयोग नाही. शुक्रवार असेल तर बहात्तर तास सोमवारीच संपले. रविवार असेल तर अजून आहेत. म्हणजे सगळं एका वारावर येऊन ठेपलं होतं, आणि तो वार सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं.

त्या माणसाला त्याने लिहिलं, ‘आपण कुठल्या दिवशी भेटलो होतो?’ निरोप जाईना. फोन लावला तर बंद. गड्याने एका बैठकीत सगळ्यांना निरोप धाडले असतील आणि फोन बंद करून भिंतीकडे तोंड करून झोपला असेल, असं कॉर्डेलला वाटलं. मी तरी दुसरं काय केलं असतं, असंही वाटलं. मग त्याच्या मनात आलं की नाही, मी निरोपच धाडले नसते. हे त्याला इतकं स्वच्छ कळलं की त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने जांभळा झगा हँगरला लावला आणि मागच्या दाराशी जाऊन मॉन्टीला फोन केला.

“कोण? कॉर्डेल? अरे, किती वाजलेत?” मॉन्टी झोपेतून बोलत होता.

“दहा वाजलेत. ऐक. पांढऱ्या ट्रकवाला एक जण होता ना तुझ्याकडे, तो शुक्रवारी आला होता की रविवारी?”

“मला विचारतोस? गड्या, मला सोमवार कधी आला तेच आठवत नाही. माझ्या दारात काय ट्रक मोजायला बसवलंय मला?”

“मॉन्टी, चेष्टा नको. आठव.”

“आवाज का असा तुझा? काय चोरलं का त्याने?”

“नाही. काही नाही चोरलं.”

“मग झोप की. आणि मलाही झोपू दे.”

मॉन्टीचं तरी काय चुकलं? त्याच्या घरात दिवस कळतच नाही. खिडक्यांना आतून स्वयंपाकाचा चंदेरी कागद चिकटवलेला, आत एक निळा दिवा, आणि दुपारी चारलाही तिथे तोच उजेड जो रात्री दोनला. तिथे माणूस आत जातो, काचेच्या नळीतला नशेचा खडा वितळतो, आणि पुढचं सगळं एकात एक मिसळतं. कॉर्डेलला तो खडा आवडतो याचं कारण लोकांना वाटतं ते नाही. मजा, चैन, ते सगळं नंतर. पहिल्यांदा काय होतं, तर त्याच्यावरची नजर उठते. कुणाची नजर, ते त्याने कधी ठरवलं नव्हतं; पास्टरची म्हणा, आईची म्हणा, चर्चमधल्या पुढच्या बाकावरच्या टोपीवाल्या बायांची म्हणा, आणि सगळ्यांत जास्त त्याची स्वतःचीच. नऊ वर्षांचा असल्यापासून तो चर्चमध्ये दाराशी उभा राहून लोकांना जागेवर बसवायचं काम करतो. पांढरा सूट, प्रभुभोजनाच्या रविवारी पांढरे हातमोजेही, डावा हात पाठीमागे मुडपलेला, उजव्या हाताने मुकाट खुणा करायच्या. दोन बोटं म्हणजे दोन जागा, तळहात आडवा म्हणजे थांबा, प्रार्थना चालू आहे. त्याला चोविसावं लागलं तरी कधीकधी लाँड्रीत गिऱ्हाइकाशी बोलताना डावा हात आपोआप पाठीमागे जायचा. मॉन्टीच्या घरी तो हात मोकळा सुटायचा. तिथे पुरुषांच्या खांद्यावर हात टाकायला, कुणाच्या मानेवर कपाळ टेकायला आधी इकडेतिकडे बघावं लागत नसे. एवढ्यासाठी इतकी किंमत, असं तो दर सोमवारी स्वतःला म्हणायचा. रविवारी संध्याकाळीच तो फोनमधलं सगळं पुसून टाकायचा, गप्पा, फोटो, ती भेटीगाठींची ॲपसुद्धा, आणि शुक्रवारी पुन्हा घालायचा. या रविवारीही पुसलं होतं. उरलं होतं ते फक्त एक नाव, पांढरा ट्रक.

“ते झगे काय स्वतःच चालत जाणार आहेत चर्चला?” मिस ओझेलाने पुढच्या काउंटरवरून विचारलं. बाई साठीच्या पुढची, आवाज मऊ आणि जीभ तिखट. लाँड्रीत ती बावीस वर्षं होती. मालक तीन बदलले, ती तिथेच. चर्चमध्ये ती कॉर्डेलच्या आईच्या शेजारी बसायची.

“येतो, मिस ओझेला.”

“तू सोमवारपासून नुसता येतोच आहेस, बाळा. पोचत मात्र नाहीस.”

तो हसला, म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं, आणि पुढचा झगा घेतला. झगे एकूण सव्वीस होते. त्याने ठरवलं की सव्वीस झगे होईपर्यंत आपल्याला वार आठवेल. मग वाटलं, आठवून तरी काय करायचं? शुक्रवार निघाला तर? माहीत नसेपर्यंत निदान अर्धी आशा शिल्लक आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता सरळ दवाखान्यात जावं, कुठल्या वारी ते तिथलीच माणसं बघतील, हा विचार त्याला सुचला नाही असं नाही. चांगला दोनतीनदा सुचला. पण दवाखाना म्हटलं की पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांसमोर यायचं ते मिठाचं भांडं.

त्या मिठाच्या भांड्याला आता अकरा महिने झाले होते. तेव्हा कॉर्डेल नुकताच शहाणा झाला होता. रोज एक निळी गोळी घ्यायचा, रोग होऊच नये म्हणून घेतात ती. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं त्याने ठरवलं होतं, आणि गोळ्यांची बाटली गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली ठेवायचा. कामावर विमा नाही. पण सव्वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत आईच्या विम्यात मुलाचं नाव चालतं, म्हणून गोळ्या त्यावर. त्याला वाटलं होतं, कार्ड दाखवलं, गोळ्या घेतल्या, विषय संपला. विमेवाले खर्च केला की घरी पत्र पाठवतात, आणि पत्र ज्याच्या नावाने विमा त्याच्या नावाने येतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी तो घरी आला तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते पत्र होतं. वर मिठाचं भांडं ठेवलेलं, जणू वाऱ्याने उडेल. पाकीट उघडलेलं होतं की पोस्टातच फाटलं होतं ते कळत नव्हतं. आई चुलीकडे तोंड करून उभी होती. तिने विचारलं, “जेवणार ना?” तो म्हणाला, “हो.” नंतर त्या पत्राबद्दल ना तिने काही विचारलं, ना त्याने काही सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर पत्र नव्हतं आणि मीठ आपल्या जागी गेलं होतं. पुढच्या महिन्यात पुन्हा पत्र यायला नको म्हणून कॉर्डेलने गोळ्या बंद केल्या. चूक होती हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण रोग हा कधीतरी होणार की नाही असा प्रश्न होता, आणि पत्र दर महिन्याला नक्की येणार होतं.

त्यानंतर आई थोडी विचित्र वागायला लागली होती, पण वयाने होत असेल असं त्याने धरलं. शाळेच्या भोजनघरात चारशे पोरांचं रांधून ती घरी यायची आणि पुन्हा उभी राहून त्याच्यासाठी कांदा घालून कलेजी करायची, कॉलर्डचा पाला शिजवायची. “खा. रक्त वाढतं.” त्याला कलेजी लहानपणापासून आवडत नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि दुसरी एक खोड तिला लागली होती, तिचा तर त्याला रागच यायचा. ती त्याच्या ग्लासातला चहा प्यायची. स्वतःचा गार चहाचा ग्लास भरलेला समोर असायचा आणि तरी त्याचा उचलायची, मोठा घोट घ्यायची आणि परत ठेवायची. “ममा, तुझा आहे की तिथे.” “असू दे.” त्याच्या ताटातला मक्याच्या पावाचा उष्टा तुकडा उचलून खायची. जन्मभर जी बाई दुसऱ्याचा चमचा धुतल्याशिवाय वापरत नव्हती, तिला आता हे काय सुचलं, असं त्याच्या मनात यायचं आणि तो ग्लास आपल्याकडे ओढायचा. ती त्याच्याकडे बघत राहायची. तिच्या बघण्याकडे त्याने कधी नीट बघितलं नाही.

एक वाजता त्याचे बावीस झगे झाले होते आणि वार आठवला नव्हता. शुक्रवार, त्याला वाटलं, शुक्रवारच असणार. कारण शुक्रवारी कुणीतरी त्याला घरापर्यंत सोडलं होतं. मग वाटलं, छे, शुक्रवारी तो चालत आला होता, पायात बूट लागत होता. पण बूट नवा म्हणजे रविवारचा, पांढरा. रविवारी तो चर्चमधून सरळ मॉन्टीकडे गेला होता का? की घरी जाऊन? डोक्यात नुसता भुंगा घोंगावत होता. भूक नव्हती, आणि मध्येच उगाच त्याला हसू येत होतं, कारण चार वर्षांचं पोर जसं आज आहे की काल म्हणून विचारतं, तसा तो हातात वाफेची इस्त्री घेऊन विचारत बसला होता.

छताला टांगलेली कपड्यांची साखळी करकरत फिरली. मिस ओझेलाने कळ दाबली होती. साखळीवरून एक पांढरा सूट प्लास्टिकच्या पिशवीत हेलकावत आला आणि त्याच्यापुढे थांबला. चिठ्ठीवर त्याचंच नाव होतं. सोमवारी सकाळी तो कामावर आला तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. सूटची पिशवी काउंटरवर टाकून तो मागे निघून गेला होता.

“आज संध्याकाळी दारावर तुझी पाळी आहे ना?” मिस ओझेला म्हणाली. “म्हणून आधी काढला. पाकीट बघून घे.”

पाकीट म्हणजे लाँड्रीची रीत. कपडा आला की सगळे खिसे उलटे करायचे, निघेल ते तपकिरी पाकिटात घालायचं, पाकिटावर कपड्याचा नंबर, आणि ते हँगरला टाचून द्यायचं. पैसे निघोत, दात कोरायची काडी निघो, कुणाच्या खिशातून कुणाची चिठ्ठी निघो, आपण वाचायचं नाही, बोलायचं नाही. हे मिस ओझेलानेच त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. कॉर्डेल नवखा असताना एकदा एका डीकनच्या, चर्चच्या कारभाऱ्याच्या, खिशातून निघालेल्या वस्तूवर हसला होता, तर तिने त्याला आठवडाभर घामटलेल्या कॉलरी घासायला लावल्या होत्या.

त्याने पाकीट उघडलं. आत प्रभुभोजनाचा प्लास्टिकचा इवलासा पेला होता, द्राक्षाच्या रसाचा डाग सुकलेला. एका कागदी रुमालात काहीतरी नीट गुंडाळून ठेवलेलं होतं. ते न सोडताही बोटांना कळलं, काचेची नळी. आणि एक हातमोजा होता. त्याने पाकीट उलटं करून झटकलं. पुन्हा आत बोटं घातली. मोजा एकच होता, डावा.

मोजे ते महिन्याच्या पहिल्या रविवारी घालतात, प्रभुभोजनाच्या दिवशी, आणि हा रविवार पहिला होता. शुक्रवारी ते त्याच्या कपाटात होते, घडी घातलेले. म्हणजे उजवा मोजा गेला तो रविवारीच गेला. कुठे गेला? आणि मग ते आलं, सबंध, एका झटक्यात. दुपारचं ऊन होतं, डोळ्यांवर येणारं. ट्रकचं स्टिअरिंग होतं आणि स्टिअरिंगवर एक हात होता, पांढरा मोजा घातलेला. तो माणूस, पस्तिशीचा असेल, हसत होता. त्याने डावा हात मुडपून सीटच्या मागे नेला, उजव्या हाताची दोन बोटं वर केली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “दोन जागा, तिसरी रांग.” कॉर्डेलने विचारलं होतं, “तूही?” तो म्हणाला, “सात वर्षं. टुपेलोला, आजोबांच्या चर्चमध्ये.” दोघे इतके हसले की कॉर्डेलच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसू थांबल्यावर तो म्हणाला होता, “हा मोजा राहू दे माझ्याकडे.” मागच्या सीटवर लहान मुलाला बांधून बसवायची खुर्ची होती, तिच्यावर बिस्किटांचा चुरा. कॉर्डेलने ती बघितली होती आणि काही विचारलं नव्हतं. नाव विचारलं नव्हतं. ट्रकमधून उतरताना घड्याळात साडेचार वाजले होते, समोरच्या बँकेवरच्या मोठ्या घड्याळात, आणि तपमान अठ्ठ्याण्णव फॅरनहाइट. एवढं सगळं आठवलं आणि त्या माणसाचा मात्र त्याला राग यायला हवा होता तसा आला नाही. त्यालाही कुणीतरी दिलंच असणार, आणि तरी त्याने निरोप धाडला होता.

“रविवार,” तो मोठ्याने म्हणाला.

“काय?”

“काही नाही. मिस ओझेला, मला जायचंय. आत्ता.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या पाकिटाकडे. भिंतीवर दीड वाजत आला होता. “दोन दिवस मी वाट बघतेय,” ती म्हणाली, “की हे पोरगं काही बोलेल. आपण होऊन बोलायचं नाही हा नियम माझाच. पण आता म्हातारपणी मी नियम काय चाटायचेत?”

“मी ते रोज नाही घेत, मिस ओझेला.”

“मी विचारलं का? कुठे जायचंय ते सांग.”

“दवाखान्यात. चारच्या आत.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. मग काउंटरखालून पर्स काढली, गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि त्याच्यापुढे सरकवल्या. “ब्रेक जरा आधीच दाब. आणि बाळा, ऐक. बुधवारी तू दाराशी उभा असतोस. पास्टर म्हणतात, ज्यांची प्रार्थनेची विनंती आहे पण नाव घ्यायचं नाही त्यांनी नुसता हात वर करा. तुझी आई अकरा महिने दर बुधवारी हात वर करतेय. मी शेजारी असते, माझ्या खांद्याला तिचा दंड लागतो. तुला काय वाटतं, कुणासाठी?”

“तिच्या गुडघ्यांसाठी,” कॉर्डेल म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत आलं होतं.

“गुडघ्यांसाठी,” मिस ओझेला म्हणाली. “जा तू.”

गाडी चालवताना त्याला ते सुधरेना. अकरा महिने. तो त्या दारात उभा असायचा, डावा हात पाठीमागे, आणि समोर वीसपंचवीस हात वर गेलेले असायचे. नाव न घेतलेल्या विनंत्या. त्यात आईचा हात त्याला लगेच ओळखू यायचा, मनगटावर भोजनघरातल्या तेलाने भाजल्याचा डाग होता म्हणून. कुणासाठी हे विचारायचं नाही अशी रीतच आहे. विचारलं तर मग तिला अर्थ काय? त्याने रीत पाळली. लाँड्रीत खिसे, चर्चमध्ये हात, घरी मिठाचं भांडं. सगळीकडे बघून न बघितल्यासारखं करायचं हेच तर तो शिकला होता, आणि त्यात तो हुशार निघाला. अकरा महिन्यांपूर्वी काय झालं होतं हे त्याला माहीत होतं. पण आई देवाकडे नेमकं मागत काय होती? मुलगा पुरुषांच्या नादाचा आहे तो सुधारू दे, हेच असणार. हे मनात आलं आणि त्याला एकदम उलटून परत लाँड्रीत जावंसं वाटलं. मागच्याने हॉर्न वाजवला. दिवा हिरवा होऊन बराच वेळ झाला असावा.

दवाखान्यातल्या नर्सच्या छातीवरच्या पट्टीवर ट्रेनेल असं नाव होतं. तिच्यापुढे दोघे जण होते म्हणून त्याचा नंबर लागायला तीन वाजले. तिने बोट टोचून रक्त घेतलं, वीस मिनिटं थांबवलं, मग आत बोलावलं.

“आजचं निगेटिव्ह आहे. पण हे मागचं सांगतं, परवाचं नाही. केव्हा झालं?”

“रविवारी. चारच्या सुमारास.”

“नक्की?”

“नक्की.” आणि मग, कारण ती वर बघत होती, “शुक्रवारीही होतं. दुसरं कुणीतरी. त्याचं मला काही आठवत नाही.”

तिने मान हलवली, काही लिहिलं. “शुक्रवारचं आता पुढच्या तपासण्यांतच कळेल. रविवारचं अजून आपल्या हातात आहे, जेमतेम. आमच्याकडची गोळ्यांची फुकटची पाकिटं सोमवारीच संपली. अर्ज केलास तर मिळतील, पण शुक्रवार उजाडेल. विमा आहे?”

त्याने टेबलावरचा तपासणीचा कागद सरळ केला.

“कार्ड असेल तर खालच्या औषधाच्या दुकानातून आत्ता मिळतील. आहे का?”

“आईचं आहे.”

“पत्र घरी जातं म्हणून?” तिने असं विचारलं की हे ती रोज विचारत असावी. “मी बाहेर जाते. पाच मिनिटं घे. दहा नको घेऊस.”

पाच मिनिटांत माणूस काय काय विचार करू शकतो. त्याने पाकिटातून कार्ड काढलं, आईचं नाव वाचलं, व्हर्नेटा. शुक्रवारपर्यंत थांबावं, हाही विचार आला, आणि तो विचार आपण खरोखर करतोय याची त्याला भीती वाटली. त्याने फोन लावला. भोजनघर अडीचला सुटतं. ती घरी असणार.

“ममा.”

“काय रे? कामावर नाहीस?”

“नाही. ममा, घरी एक पत्र येईल. मागे आलं होतं तसं.”

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. “देवा, तुझे उपकार,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“पत्रं यायची थांबली ना रे. एकच आलं आणि मग नाहीच. मला वाटलं, पोराने औषधं सोडली. मला विचारायचा धीर होईना. मी त्या औषधाचं नाव शाळेच्या नर्सला दाखवलं होतं, माझ्या बहिणीच्या मुलाचं म्हणून. ती म्हणाली, हे एचआयव्हीचं औषध. त्या दिवसापासून मी नुसतं हेच मागतेय, त्याला औषधं परत सुरू करू दे. बाकी तू कसा आहेस, कुणाबरोबर असतोस, ते मी कधीच मागितलं नाही. ते मला तू दहा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.”

कॉर्डेल खुर्चीवर बसला होता, तरी त्याला बसावंसं वाटलं. कलेजी, कॉलर्डचा पाला, त्याच्या ग्लासातला चहा. तो ग्लास ओढून घेत होता आणि ती घोट घेत होती, मुद्दाम, त्याच्या डोळ्यांदेखत.

“ममा, ते औषध रोग झालेल्यालाच देतात असं नाही. होऊ नये म्हणूनही देतात. मी त्यासाठी घेत होतो.”

त्याने फोन कानावरून काढून पाहिला, लागलेला आहे का.

“म्हणजे तुला नाहीये?” तिचा आवाज अगदी लहान झाला होता. “अकरा महिने... तुला नव्हतंच?”

हो म्हणणं किती सोपं होतं. आजचा कागद टेबलावरच पडला होता, निगेटिव्ह म्हणून.

“तेव्हा नव्हतं, ममा.”

“आणि आता?”

“माहीत नाही. मी गोळ्या सोडल्या होत्या. पत्र येऊ नये म्हणून.”

पलीकडे ती रडली असेल तर आवाज न करता रडली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. “माझ्यामुळे,” ती म्हणाली.

“नाही, ममा.”

“मिठाचं भांडं मीच ठेवलं होतं. वाटलं, तू उचलशील, म्हणशील काहीतरी.” ती थांबली. “गोळी हातात आहे का?”

“कार्ड दिलं की मिळेल. चारच्या आत घ्यायचीय.”

“मग दे की. तीन चाळीस झाले. पत्राला मी काय आज पहिल्यांदा बघणार आहे?”

दारात ट्रेनेलने औषधाची चिठ्ठी हातात दिली आणि तो फोन कानाला लावूनच खाली उतरला. औषधाच्या दुकानात त्याच्यापुढे एक बाई होती आणि मागे चौघे येऊन उभे राहिले. फोनवर आईचा श्वास ऐकू येत होता. कार्ड दिलं. माणसाने बाटली आणली, अठ्ठावीस दिवसांची, आणि पाण्याचा कागदी पेला पुढे केला.

“आज संध्याकाळी हात वर करीन,” आई म्हणाली, “तेव्हा तुझं नाव घेऊ का?”

चर्चची सगळी बाकं, टोप्या, पंखे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. “नको,” तो म्हणाला. “अजून नको.”

“बरं. नुसताच हात करते.” आणि मग, लगेच, “घेतलीस?”

त्याने गोळी गिळली. मोठी होती, घशात जरा अडली. “घेतली.”

“जीभ वर कर.”

लहानपणी एरंडेल दिलं की ती असंच म्हणायची, कारण तो ते गालात धरून ठेवायचा.

“ममा, फोनवर काय दिसणार आहे तुला?”

“तू कर.”

मागचे चौघे बघत होते. कॉर्डेलने तोंड उघडलं आणि जीभ वर केली.